भावना ताईंचा ठिपका

“फोन कुठे आहे ते तुला दिसतं, मेघा. भावना कुठे आहे ते नाही दिसत. मधून मधून तिचा आवाज ऐकत जा,” असं अरुंधती मॅडम मला जानेवारीतच म्हणाल्या होत्या. आम्ही तलावाच्या काठावर उभ्या होतो. माझी लेक मैत्री माझ्या कडेवर होती आणि मी एका हातानं मोबाइलवरचा नकाशा मोठा करून पाहत होते. मी हसून हो म्हटलं. मनात म्हटलं, मॅडमचं वय झालं. मी कम्प्युटरची इंजिनिअर, मैत्री होईपर्यंत नागपूरच्या मिहानमध्ये एका आयटी कंपनीत नोकरी केलेली. लोकेशन म्हणजे काय ते मला कोणी समजवायची गरज नव्हती.

भावना ताई म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. सदरला एका बँकेत आहेत, वय छत्तीस, लग्न केलेलं नाही. नंदनवनच्या घरात आम्ही सगळे एकत्र राहतो. ताई, सासूबाई, माझे मिस्टर प्रशिक, मी आणि आमची सव्वा वर्षाची मैत्री. अरुंधती मॅडम ताईंच्या क्लबमधल्या. पूर्वी पोहायला शिकवायच्या, आता क्लबच्या स्पर्धा त्याच उभ्या करतात.

ताईंचा सीझन पावसाळा संपला की सुरू होतो. ऑक्टोबरात अमरावतीची हाफ मॅरेथॉन, डिसेंबरात पूर्ण मॅरेथॉन, जानेवारीत छोटी ट्रायथलॉन. फेब्रुवारीच्या शेवटी क्लबची मोठी ट्रायथलॉन, आधी दोन किलोमीटर पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर पळायचं, एका दमात. बक्षीस म्हणाल तर एक मेडल आणि तर्री पोहे.

घरात याचं कोणाला कौतुक नव्हतं असं नाही. पण सासूबाईंना बोलल्याशिवाय राहवत नसे. ताई रविवारी सकाळी घामानं चिंब होऊन आल्या आणि पायाची काळी पडलेली नखं पाहत ओट्यावर बसल्या की आई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, “एवढी मेहनत लगनासाठी केली असती तं आज दोन पोरं असती.”

“लगनात मेडल भेटते का, आई?”

“तुह्या मेडलले काय भाजीत टाकू?”

“टाकून पाह्य. तुह्या भाजीपेक्षा बरं लागन.”

मग दोघी हसायच्या आणि मी त्या काळ्या नखांकडे बघत राहायचे. माझा स्वभावच तसा आहे. मैत्री झोपली की मी तिच्या पाठीवर हात ठेवून श्वास बघते. प्रशिक चिडवतो की मला हॉस्पिटलच्या आयसीयूत पहाऱ्यावर ठेवलं तर मशिनं काढून टाकता येतील.

ऑक्टोबरात एकदा उमरेड रोडवर ताईंची सायकल पंक्चर झाली आणि त्या अंधार पडल्यावर घरी आल्या. त्या संध्याकाळी मी किती वेळा गेटपर्यंत गेले ते मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्या फोनवर लोकेशन चालू करून दिलं. “लाव वं बाई,” ताई म्हणाल्या, “तुही झोप तरी होईन.” तेव्हापासून नकाशावर ताईंच्या फोटोचा एक गोल ठिपका माझ्या फोनवर फिरू लागला. डाळ शिजत असताना, मैत्रीला भरवताना मी तो बघायचे. ठिपका सरकत असला की मला बरं वाटायचं. अमरावतीला तो सरकला, डिसेंबरात सरकला. मॅडमचं बोलणं मी का मनावर घेतलं नाही, याचं कारण एवढंच.

फेब्रुवारीतली स्पर्धा काटोल रोडच्या पुढे एका धरणावर होती. मी जाणार होते, पण आदल्या दिवशी मैत्रीला ताप आला. प्रशिकची रामदासपेठेतल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ड्यूटी होती. त्यामुळे ताई पहाटे एकट्याच निघाल्या. निघताना मैत्रीच्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, “इले पाहा तुम्ही. मले काय पाहाचं हाय.”

उन्हाळा त्या वर्षी लवकर आला होता. दहा वाजताच अंगणातली फरशी चटके देत होती. मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. पोहणं होईपर्यंत ठिपका काठावरच, ताईंच्या बॅगेत. मग सायकलीवर तो भराभर निघाला. आणि मग पळणं. धरणाच्या गेटपासून गावाच्या फाट्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, अशा तीन फेऱ्या. ठिपका हळू झाला, पण थांबला नाही. मी मैत्रीला मऊ भात भरवला, पाण्याच्या पट्ट्या बदलल्या. तिसऱ्या फेरीत तो इतका हळू होता की मला ताईंची दया आली. तरी तो एका चालीनं येत राहिला आणि गेटवर पोचला.

मी आईंना हाक मारली. मग क्लबच्या ग्रुपवर लिहिलं, कारण फोटो मिळावेत म्हणून ताईंनी मलाही त्यात घेतलं होतं. ‘भावना ताई पोचल्या. अभिनंदन.’ लगेच अंगठे आणि फुलं येऊ लागली. प्रशिकनं लॅबमधून दंड फुगवलेला हात पाठवला.

ताईंना फोन लावला. रिंग गेली, उचलला नाही.

“कपडे बदलून राहिली असन,” आई म्हणाल्या. “नाही तं फोटो काढून राहिली असन. आज काय तिले आपली आठवण येते.”

थोड्या वेळानं ठिपका नागपूरकडे निघाला, चांगल्या वेगानं. कोणाच्या तरी गाडीत बसल्या असतील असं वाटलं. आईंनी आंघोळीसाठी पाणी तापवायला ठेवलं, मग एवढ्या उन्हातून आलेल्या माणसाला गरम पाणी कशाला म्हणून बंद केलं. ठिपका शहरात शिरला आणि आमच्या दिशेनं यायचं सोडून दाभ्याकडे वळला. एका गल्लीत जाऊन थांबला. दाभ्याला ताईंचं कोणी नाही. मी पुन्हा फोन लावला. यावेळी उचलला गेला, पण आवाज पुरुषाचा होता.

“कोण बोलून राहिलं?”

“मी मेघा, भावना ताईंची भावजय. तुम्ही कोण?”

“अरे, मी रुपराव, क्लबातला. हा भावनाचा फोन हाय काय? माह्याच डिक्कीत राहून गेला पाहा.” रुपरावांना मी ओळखत होते. पन्नाशीचे, गुडघ्यामुळे पळणं सुटलेलं, स्कूटरवरून पाणी वाटायचे. “दुसऱ्या फेरीत फाट्यावर दिला तिनं. म्हणे कमरेवर नाचून राहिला, ठेवा. मंग मी शेवटी पळणाऱ्या आमच्या एका काकाच्या सोबतीनं स्कूटरवर हळूहळू येत गेलो, ध्यानातच नाही राहिलं.”

“ताई कुठे आहेत?”

“तिथंच असन न. पोचली न ते. तुम्हीच तं मेसेज टाकला.”

मी फोन ठेवला आणि अरुंधती मॅडमना लावला. त्या अजून धरणावरच होत्या, सामान गाडीत भरत होत्या. मी विचारलं, ताई दिसल्या का. त्या म्हणाल्या, “मी टॉवेल घेऊन उभीच होते तिच्यासाठी. मग कोणीतरी तुझा मेसेज दाखवला. वाटलं माझी नजर चुकवून गेली आंघोळीला.” क्लबची स्पर्धा, मोठ्या स्पर्धांसारखी पायाला चिप वगैरे नव्हती. येणाऱ्याला पाहायचं आणि वेळ सांगायची. मग मॅडम चालताना ऐकू आल्या, आणि थांबल्या. “तिची सायकल इथंच आहे,” त्या म्हणाल्या.

फोन कसा फिरला ते मी त्यांना सांगितलं.  त्या म्हणाल्या, “कट नको करू,” आणि गाडी सुरू केली.

पुढचं सगळं मी ऐकलं, पाहिलं काहीच नाही. गाडीचा हॉर्न. काच खाली केल्यावरचा वारा. मॅडम कोणाला तरी विचारत होत्या, लाल बनियनातली बाई दिसली का. शेळ्यांचा आवाज. कोणी म्हणालं, फाट्यावर बसली होती, मग उठून गेली. कुठं गेली? पाळीवर चढली. पाळ म्हणजे धरणाची भिंत, तिच्या पलीकडे पाणी.

आई मैत्रीला घेऊन माझ्यासमोर उभ्या होत्या. “काय झालं वं?”

“काही नाही. रेंज नाही तिथं.”

“मेघा, मले सांग. मी काही काचेची नाही.”

मी स्पीकर चालू केला. आई खुर्चीत बसल्या नाहीत, जमिनीवर बसल्या, मैत्रीला मांडीत घेऊन.

गाडीचं दार वाजलं. मॅडम धावत होत्या, पासष्टीच्या बाईचा श्वास फोनमधून ऐकू येत होता. मग त्या ओरडल्या, “भावना, थांब.” मग पुन्हा. मग ताईंचा आवाज आला, अगदी साधा, काउंटरवर बसून बोलतात तसा.

“माहं पोहाचं राहिलं हाय.”

“पोहणं झालं सकाळी. बस खाली.”

“नाही, राहिलं हाय. पोहते अन् येते. तुम्ही कोण?”

ताई पाळीच्या आतल्या उतारावर होत्या. एक बूट पायात, एक नाही. पाणी तिथून एखाद्या खोलीच्या लांबीवर असेल, असं मॅडमनी नंतर सांगितलं, आणि त्या बाजूला ते एकदम खोल आहे. मॅडमनी दोन्ही हातांनी त्यांची कंबर धरली आणि खाली बसल्या, म्हणजे ताईंनाही बसावं लागलं. अंग तव्यासारखं तापलं होतं. मागून क्लबची माणसं आली. त्यांनी ताईंना बाभळीच्या सावलीत आडवं केलं, धरणाच्या पाण्यानं कपडे भिजवले, सरबताच्या पेटीतला बर्फ काखेत आणि मानेला लावला. मॅडम परत परत विचारत होत्या, “नाव सांग. नाव काय तुझं?” आणि ताई काहीतरी पुटपुटत होत्या. आई फोनकडे बघून म्हणाल्या, “भावना. भावना नाव हाय तिचं.” त्यांना ते तिकडे ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

ताईंना प्रशिकच्याच हॉस्पिटलात आणलं, आणि त्यांचं रक्त त्यानंच लॅबमध्ये तपासायला लावलं. रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी त्यानं पाहिला आणि मला फोनवर सांगताना तो नुसते आकडे वाचत गेला, अर्थ सांगितला नाही. अर्थ असा होता की उष्माघातानं स्नायू फुटून किडनीवर भार आला होता. दोन दिवस लघवी चहासारखी गडद येत होती. डायलिसिस लागेल असं म्हणत होते, ते लागलं नाही. आठवड्यानं ताई घरी आल्या.

मला कोणी काही बोललं नाही. मॅडमनी जानेवारीतल्या बोलण्याची आठवण करून दिली नाही. रुपराव एक दिवस संत्री घेऊन आले, ताईंच्या पलंगाजवळ बसले आणि सगळी संत्री स्वतःच सोलत राहिले. वॉर्डात शुद्धीवर आल्यावर ताईंनी मला विचारलं होतं, “काहून वं, भेटलं काय मले मेडल?”

“ग्रुपवर मिळालं,” मी म्हटलं.

“मंग चाललं.” मग म्हणाल्या, “पाण्यात गेली असती तं पोहली असती मी.”

आई उठून बाहेर गेल्या. ताईंना कळलं नाही त्या का गेल्या. त्यांना खरंच वाटत होतं की त्या पोहल्या असत्या.

हे सगळं होऊन सात महिने झाले. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली आहे. पळायचं नाही, उन्हात तर नाहीच, दर महिन्याला तपासणी, आणि पुढची स्पर्धा पुढच्या वर्षाआधी नाही. ताई हो म्हणतात. पण त्यांनी फोनवरचं लोकेशन बंद केलं आहे. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, “तू त्यालेच पाहत राह्यते. आता मैत्रीकडे पाह्य. ते चालाले लागली, पायऱ्यांवरून पडन.” खरंही आहे ते. मैत्रीला क्षणभर सोडता येत नाही.

ताई पहाटे साडेपाचला सायकल घेऊन बाहेर पडतात, सेमिनरी हिल्सला चालायला जाते म्हणतात. परत येतात तेव्हा मोजे पिळण्याइतके ओले असतात. चालून मोजे इतके ओले होत नाहीत. मी विचारलं की म्हणतात, दवानं झाले. या महिन्याची तपासणी अजून केलेली नाही. क्लबच्या नव्या सीझनची नावनोंदणी सुरू झाली आहे आणि मॅडमनी ताईंचं नाव घ्यायला नकार दिला, तर ताईंनी दुसरा क्लब शोधला, हे मला प्रशिककडून कळलं.

म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी पुष्कळ जण सकाळी हिल्सवर जाता. चढावर एक उंच बाई दिसेल, केस बारीक कापलेले, उजव्या गुडघ्यावर जुना व्रण, पाणी सोबत नसतं. पळत असल्या तर थांबवा. ‘मी ठीक हाय’ असं त्या न थांबताच म्हणतील, ते ऐकून पुढे जाऊ नका. दोन मिनिटं सोबत चाला, दुसरं काहीतरी विचारा, आज वार कोणता, घरी कोण असतं, आणि उत्तर नीट येतं का ते पाहा. चेहरा लाल असून घाम नसेल तर सावलीत बसवा आणि मला कळवा. मी सांगितलं असं मात्र त्यांना म्हणू नका.