बाबांच्या शर्टाची पट्टी

सरावाच्या रिंगणाभोवती अर्धं गाव उभं होतं. आमच्या तालमीत लढणाऱ्या थेविननं उजवा हात खांद्याच्या रेषेत पुढे धरला. मंत्र टाकणाऱ्या आचान प्रमोतनी, म्हणजे प्रमोत गुरुजींनी, त्यावर दोन बोटं ठेवून दाबली आणि रोज वाळूच्या पोत्यावर पाचशे ठोसे मारणारा तो हात खाली गेला. मग त्यांनी त्याच्या दंडाला निळी पट्टी बांधली, काहीतरी पुटपुटले, म्हणाले, "आता घट्ट धर," आणि चेहरा लाल होईस्तोवर दाबलं. हात हलला नाही.

"मन रिकामं होतं," आचान म्हणाले. "आता वस्ताद आत येऊन बसलेत. ते म्हणतात, शनिवारी लढ."

वस्ताद म्हणजे माझे बाबा. त्यांना जाऊन अकरा दिवस झाले होते. आमच्याकडे लढणारे आईच्या नाहीतर वस्तादाच्या जुन्या कपड्याची पट्टी दंडाला बांधतात. ही मीच त्यांच्या शर्टातून फाडून दिली होती. फाडताना काही वाटलं नाही. तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं.

मागच्या लढतीत डोक्याला गुडघा लागून थेविन बेशुद्ध पडला होता. सकाळी उठला की अजून त्याला एकाचे दोन दिसत. बेशुद्ध पडलेल्यानं तीस दिवस लढायचं नाही, हा बाबांचा नियम. त्याच्या परतीची तारीख त्यांनी स्वतः फळ्यावर खडूनं लिहिली होती. ती शनिवारच्या दोन आठवडे पुढची होती.

"बाबा असं म्हणाले?" मी विचारलं.

"गेलेल्यांना सगळं दिसतं, पोरी."

"जिवंतपणी तर चष्म्याशिवाय दिसत नव्हतं," आमचा स्वयंपाक करणाऱ्या बुन्सोम मावशी म्हणाल्या.

मी दोन रिकाम्या काड्यापेट्या आणल्या. एकीत ती पट्टी, दुसरीत मावशींचं कढई पुसायचं फडकं. कशात काय ते फक्त मावशींना माहीत, आणि त्या दाराआड. थेविननं डाव्या मुठीत एकेक पेटी धरायची, वस्ताद कुठल्या पेटीत ते आचाननी उजवा हात दाबून सांगायचं. एवढ्या लोकांसमोर त्यांना नाही म्हणता येईना.

दर वेळी मावशींनी आतून पेट्या अदलाबदल करून दिल्या, असं सहा वेळा केलं. चार वेळा वस्ताद फडक्यात निघाले.

"मग शनिवारी माझी कढईच पाठवा," मावशी म्हणाल्या. लोक हसले. थेविन हसला नाही.

मी त्याचा हात मनगटापाशी एकदम दाबला. खाली गेला. मग "घट्ट धर" म्हणून कोपराच्या वर दाबला. सगळा जोर लावला तरी हलला नाही.

मी म्हणाले, "पहार लांब धरली की दगड हलतो, आखूड धरली की नाही. पट्टी बांधल्यावर यांची बोटं कोपराकडे सरकतात. एवढंच."

आचान पिशवी आवरू लागले.

"पण ताई, मला खरंच भीती वाटत नव्हती," थेविन म्हणाला.

"ते खरंच असेल. भीती गेली की माणूस चांगला लढतो. पण भीती गेली म्हणून डोक्याला लागलेलं बरं होत नाही. भीतीसाठी बाबा काय करायला लावायचे?"

"श्वास मोजायला. आणि तीच लाथ, पुन्हा पुन्हा."

"मग तेच कर."

तो पट्टीकडे बघत राहिला. "म्हणजे वस्ताद यात नाहीत?"

"नाहीत," मी म्हणाले. हे मोठ्यानं मी पहिल्यांदाच म्हणत होते.

शनिवारी थेविन प्रेक्षकांत बसला. फळा मी कुणाला पुसू दिला नाही.

कुणी तुमच्या अंगात शक्ती भरून दाखवली, तर दोन काड्यापेट्या मागा. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर नक्की मागा. त्या दिवसांत आपला हात दोन बोटांनीही खाली जातो.