उलटी लागलेली चकती

अहो, मान जरा वर करा. गाडीच्या पुढच्या काचेला मधोमध चिकटून बसलोय ना, तो मी आरसा बोलतोय. गाडीत सगळे पुढे बघतात, मी एकटा मागे बघतो. त्यामुळे माझ्याकडे सांगण्यासारखं थोडं जास्त साठलंय, एवढंच.

कारखान्यात माझा जन्म झाला. काच, तिच्यामागे चंदेरी मुलामा, काळं कवच आणि वळवाल तशी वळणारी मान. ही मान एका धातूच्या चकतीवर सरकवून बसवतात आणि चकती काचेला डकवतात. चकती केवढी, तर कोटाच्या बटणाएवढी! सगळा डोलारा तिच्यावर, म्हणून स्वतःच्या पायावर उभं असल्याच्या बढाया मी कधी मारल्या नाहीत.

माझे मालक फार टापटिपीचे. गाडीत बसले की आधी मला पुसायचे, एका बोटाने नीट करायचे आणि मगच किल्ली फिरवायचे. शेजारी त्यांची बायको, मागे धाकटी बहीण. बहीण भावजयीला ‘वहिनी’ म्हणायची, भावजय नणंदेला ‘वन्सं’. मीही तेच म्हणतो. वन्संनी जन्मभर शाळेत शास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही, भावाकडेच राहिल्या. दोघींचं गुळपीठ होतं असं मात्र म्हणवत नाही. भाजीत मीठ किती इथपासून खिडकी उघडी की बंद इथपर्यंत वाद. मालक बिचारे दोघींनाही ‘बरोबर आहे’ म्हणायचे.

मग मालक गेले. गाडीवर कापड पडलं. आता आपली रवानगी भंगारात, असं मी धरून चाललो होतो. पण ज्यांनी उभ्या आयुष्यात स्टिअरिंगला हात लावला नव्हता, त्या वहिनी साठीला टेकल्यावर गाडी शिकल्या. एके सकाळी त्यांनी कापड काढलं आणि आधी मला पुसलं, अगदी मालकांसारखं. ते उपकार मी विसरणार नाही.

वन्सं मागेच बसत. म्हणायच्या, “पुढे बसले तर तुझं चालवणं बघावं लागेल.”

घरात दोघी कामापुरतं बोलायच्या. मालकांचा विषय निघू नये म्हणून बाकीचे विषयही बंद पडले होते. गाडीत मात्र वहिनी माझ्यात बघायच्या, वन्संही माझ्यात बघायच्या, आणि समोरासमोर जे जमत नव्हतं ते माझ्यातून जमायचं. बाजाराला जाताना, वाचनालयातून येताना दोघी बोलायच्या, भांडायच्या. एकदा तर मालकांच्या घोरण्याची आठवण काढून इतक्या हसल्या की वहिनींना गाडी कडेला घ्यावी लागली. त्या दिवशी मला जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

आणि मग ती उन्हाळ्यातली दुपार आली. भर चौकात वहिनींच्या हातून गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. वन्संच्या तोंडून गेलं, “दादा असता तर तुला स्टिअरिंगला हातसुद्धा लावू दिला नसता.”

वन्संचं तोंड दिसू नये म्हणून वहिनींनी मला खाडकन छताकडे फिरवलं. उन्हाने माझा गोंद आधीच कच्चा झाला होता. मी चकतीसकट सुटलो आणि खाली पडलो. पायाखालची चटई जाड होती म्हणून फुटलो नाही. तिचेही आभार.

त्यानंतर गाडीतही सामसूम. बोलायचं तरी कुठे बघून? शेवटी वन्संनी दूरच्या मावसबहिणीला फोन केला, “येते तुझ्याकडे. कायमची.” आणि बॅग भरायला घेतली.

“स्टेशनवर मी सोडते,” वहिनी म्हणाल्या.

“आरशाशिवाय?”

“आणलीय गोंदाची ट्यूब. घरीच लावू.”

म्हणजे बघा, मला पुन्हा चिकटवायचं कशासाठी, तर वन्संना घराबाहेर सोडता यावं म्हणून! असं उद्घाटन कुणाच्या वाट्याला येऊ नये.

मला डॅशबोर्डवर टेकवून ठेवलं होतं, म्हणून सगळं दिसलं. वन्संनी चष्मा लावून ट्यूबवरच्या सूचना वाचल्या. बाहेर उभं राहून काचेवर मेणखडूने फुली मारली. वहिनींनी आतून जुना गोंद ब्लेडने खरवडला, काच स्पिरिटने पुसली, चकती पॉलिश पेपरवर घासली, गोंदाचा थेंब लावला आणि चकती फुलीवर दाबली. मिनिटभर दाबून धरायची होती. वन्सं बाहेरून घड्याळ बघत होत्या. मधे नुसती काच. किती तरी दिवसांनी दोघी एकमेकींच्या तोंडाकडे सरळ बघत होत्या.

मी मात्र ओरडत होतो, “अहो, उलटी! चकती उलटी लागलीय!” निमुळती बाजू वर हवी, तर माझी मान वरून सरकून बसते. पण आमचं ऐकतो कोण? चकती रात्रभर वाळू द्यायची आणि सकाळी मला चढवून स्टेशन गाठायचं, असं ठरलं.

सकाळी बॅग दाराशी आली. वहिनींनी मला चकतीवर सरकवून पाहिलं. मी बसेना.

“उलटी लागलीय,” वन्सं शांतपणे म्हणाल्या.

“हो. काल लावतानाच दिसलं मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही का नाही बोललात? सूचना तर तुम्हीच वाचल्या होत्या.”

वन्संना हसू फुटलं, वहिनींना आवरेना, आणि दोघी गाडीत बसून शाळेतल्या मुलींसारख्या खिदळल्या. तोवर तिकडे स्टेशनातून आगगाडी सुटून गेली होती.

चकती पुन्हा काढली, घासली, लावली. या वेळी वन्सं आतच बसल्या होत्या. वहिनींचा अंगठा चकतीवर असतानाच त्या म्हणाल्या, “दादा असता तर...”

वहिनींचा चेहरा उतरला.

“...तुझं चालवणं बघून त्याची छाती फुगली असती. मला हेच म्हणायचं होतं गं. त्या हॉर्नांनी घाबरले आणि भलतंच बोलून बसले.”

वहिनींच्या डोळ्यांना धार लागली. त्या पुसायला हात उचलणार, तोच वन्सं ओरडल्या, “अंगठा काढू नकोस!” आणि स्वतःच्या रुमालाने त्यांनी भावजयीचे डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी मी झोकात चढलो. वन्सं वाचनालयाची पुस्तकं घेऊन आल्या, सवयीने मागचं दार उघडलं, पुस्तकांची पिशवी सीटवर ठेवली, दार लावलं आणि पुढे जाऊन वहिनींच्या शेजारी बसल्या.

आता मला वन्सं दिसत नाहीत. दिसते ती पुस्तकांची पिशवी, आणि तिच्यापलीकडे मागे पडत जाणारा रस्ता. आवाज मात्र दोघींचे येतात, खिडकी उघडी की बंद यावरून. दोघींच्या डोळ्यांना आता माझी गरज उरली नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. गोंदाचा तो थेंब, ती बटणाएवढी चकती आणि वहिनींचा अंगठा, सगळ्यांचा मी ऋणी आहे.

तुम्हाला एवढंच सांगतो. माझ्यात जरूर बघा, पण मागून येणाऱ्या गाड्यांसाठी. मागे आपलं माणूस बसलं असेल, तर सरळ मान वळवून त्याच्याशी बोला. तेवढी गाडी आधी थांबवा हं, नाहीतर खापर पुन्हा माझ्याच माथी!