पायाशी सुटलेला खांब

त्या दिवशी सकाळी सव्वासातला मिस्त्री आला. त्याने सायकल भिंतीला टेकवली, जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीलगत आदल्या दिवशी खणलेला खड्डा हाताने साफ केला, आत थोडे पाणी शिंपडले आणि पाटीने मोजून खडी, वाळू, सिमेंट कालवायला घेतले. वरच्या गॅलरीतून त्याच्या थोरल्या बहिणीने हाक मारली, "अरे धाकट्या, आधी चहा तरी घे!"

"चहा थांबतो, ताई. हा माल थांबत नाही," तो मान वर न करता म्हणाला.

मित्रांनो, मी जिन्याच्या कठड्याचा एक जुना लोखंडी खांब आहे. आज माझ्या अंगावर रंगाचे सात थर आहेत आणि त्यांतला एकही पुरता धड नाही. त्या सकाळी मात्र मी नवाकोरा होतो. कारखान्यात तापलेली पट्टी वळवून माझी नळी झाली, दुकानात मी इतर नळ्यांबरोबर आडवा पडून राहिलो, आणि मिस्त्रीने मला कापून, घासून, तांबडा रंग देऊन येथे आणले. तोवर माझे सारे आयुष्य आडवेच गेले होते. उभे राहणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले.

मिस्त्रीने मला खड्ड्यात उभे केले. एक लाकडी टेकू जिन्याच्या दिशेने आणि दुसरा त्याला काटकोनात असे दोन टेकू तारेने माझ्या अंगाला आवळले आणि त्यांची खालची टोके जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना बांधली. मग दोरीला वजन बांधलेला ओळंबा सोडला. आधी एका बाजूने पाहिले, मग दुसरीकडून. एका बाजूने सरळ दिसणारा खांब दुसऱ्या बाजूने कललेला असू शकतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. काँक्रीट ओतून त्याने ते सळईने ठासले आणि पुन्हा ओळंबा लावला. माझे पाऊल त्या गार, जड मालात रुतले. पहिल्यांदा मला ते बरे वाटले.

"भावोजी," जाताना तो बहिणीच्या यजमानांना म्हणाला, "दोन दिवस याला हात लावायचा नाही. टेकूलासुद्धा नाही."

"मी तीस वर्षं चित्रकला शिकवली आहे," भावोजी म्हणाले. "सरळ रेघ कशी राखायची ते मला नको सांगूस."

"रेघ खोडता येते हो, भावोजी."

ताई वरून हसल्या. याच जिन्यावरून पडून त्यांचे मांडीचे हाड मोडले होते. सात महिन्यांत त्या स्वतःच्या पायांनी खाली उतरल्या नव्हत्या. दवाखान्यात जायचे तर दोघे जण त्यांना खुर्चीत बसवून उतरवत. "मला नेतात ते कपाट हलवल्यासारखं," त्या म्हणत. "एकदा कठडा होऊ दे. मग मी कोणाचा हात धरणार नाही. एकटी फाटकापर्यंत जाईन." उतरताना शेवटच्या, उंच पायरीवर त्यांचा सारा भार माझ्यावर येणार होता.

साडेदहाला नवा फ्रीज आला. हमालांना वळायला टेकू आडवा येत होता. "पाच मिनिटांचा तर प्रश्न," असे म्हणत भावोजींनी पक्कड आणून एका टेकूची तार सोडली. फ्रीजचा कोपरा माझ्या खांद्याला लागला आणि मी भिंतीकडे बोटभर कललो. भावोजींनी टेकू होता तसा बांधला. मी होतो तसा उरलो नव्हतो.

मित्रांनो, त्यानंतरचे तास मी विसरलेलो नाही. काँक्रीट हळूहळू माझा पाय धरत होते. आधी ते चिखलासारखे होते, मग ओल्या मातीसारखे झाले, मग त्यात हालचालीला जागाच उरली नाही. मी वाकडा आहे हे मला कळत होते आणि ओरडायला मला तोंड नव्हते. माणसे जवळून जात होती. जो तो फ्रीज पाहायला वर चालला होता.

तीन वाजता भावोजी फाटकातून आत आले आणि थबकले. एक डोळा मिटून त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग इकडेतिकडे बघून त्यांनी टेकूंच्या तारा सैल केल्या, खांदा लावला आणि जोर केला. मी सरळ झालो. पण माझ्या पायाशी काहीतरी तुटले. चहूकडे नखाएवढी फट पडली. भावोजींनी चिमूटभर सिमेंट पाण्यात कालवून ती बोटाने लिंपून टाकली आणि तारा पुन्हा आवळल्या.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने दोन्ही बाजूंनी ओळंबा लावला. मी तसूभरही कललेला नव्हतो. "वा भावोजी, राखण चोख केलीत! उद्या सकाळी कठड्याचा वरचा पाइप जोडतो." आयुष्यातले हे माझे पहिले कौतुक, आणि त्याने मला लाज वाटली. हत्यारे आवरता आवरता तो सहज बोलून गेला, "लोक काय करतात, माल धरायला लागल्यावर खांब हलवतात. वरून बघावं तर सरळ, आणि खाली हलणारा दात. भार पडला की माणसासकट खाली."

भावोजींची नजर माझ्या पायाशी गेली. वर ताई आपल्या चपला शोधून पुसायला बसल्या होत्या. "अहो, उद्या मी फाटकाची कडी स्वतः काढणार!" त्या म्हणाल्या.

"हो," एवढेच ते म्हणाले. दुपारभर ते खालच्या पायरीवर बसून होते. उठताना त्यांनी मला दोन बोटांनी किंचित ढकलले. टक् असा बारीक आवाज आला. तो आम्हा दोघांनाच ऐकू आला. मी काँक्रीटमध्ये अडकलो होतो, आणि ते त्या चिमूटभर लेपात.

मित्रांनो, तुमच्या हातून असे काही झाले, तर माल ओला आहे तोवरच सांगून टाका. वाळल्यावरही सांगता येते. पण तेव्हा फोडावे लागते.

तिसऱ्या दिवशी, मिस्त्री यायच्या तासभर आधी, भावोजी खाली आले. मिस्त्रीने जिन्याखाली ठेवलेल्या हत्यारांच्या पिशवीतून त्यांनी छिन्नी आणि हातोडा काढला, मांडी घालून माझ्या पायाशी बसले आणि पहिला घाव घातला. तो चुकून त्यांच्या अंगठ्यावरच बसला. पुढचे घाव बरोबर बसू लागले.

"अहो, काय फोडताय एवढ्या सकाळी?" वरून ताईंचा आवाज आला.

"फ्रीजच्या वेळी टेकू मी सोडला होता," ते म्हणाले. "खांब हलला. मी तो ढकलून सरळ केला आणि वरून लिंपलं. तुला अजून काही दिवस थांबावं लागेल."

वर ताईंनी पुसून ठेवलेल्या चपला भिंतीशी सरकवल्या.

"धाकट्याला मी सांगू का?" ताईंनी विचारले.

"नको. मीच सांगतो."

टेकू सोडून त्यांनी मला उपसले आणि हलकेच जमिनीवर आडवे ठेवले. खड्ड्यातले तुकडे एकेक करून बाहेर काढले, तळाची भुकटी ओंजळीने उपसली, आणि नवा माल नीट धरावा म्हणून आत तांब्याभर पाणी शिंपडून ते मिस्त्रीची वाट पाहत बसले.