म्हातारीचा आवाज कोणाचा?

मी एक जुनी लाकडी म्हातारी आहे. हसू नका, मित्रांनो. लाकडी असले तरी म्हातारीच आहे, आणि मला हसणाऱ्याचा समाचार कसा घ्यायचा ते मला चांगले ठाऊक आहे. माझी उंची तुमच्या कोपरापासून बोटांपर्यंत. नाक बाकदार, डोळे गोटीसारखे, अंगाला सात दोऱ्या. सातवी जबड्याची, आणि तीच महत्त्वाची. बाहुल्यांच्या खेळात माझे काम एकच, सगळ्यांना फैलावर घेणे. राजा असो, चोर असो, बोकड असो, मी कोणाची भीड ठेवत नाही.

मला ज्याने कोरले तो माणूस हाताचा मोठा कसबी. खोटे कशाला सांगू? माझा एक जबडा बसेपर्यंत त्याने अकरा जबडे कोरून टाकून दिले. त्याच्या दोऱ्यांनी मी मान वेळावली की पहिल्या रांगेतली पोरे मागे सरकत. पण मित्रांनो, लाकूड हलते, बोलत नाही. माझे बोलणे त्याच्या बायकोचे होते. तो वर फळीवर उभा राहून दोऱ्या ओढी आणि ती खाली काळ्या कापडामागे बसून माझ्या तोंडचे शब्द बोले. हा किनरा, खडूस, मध्येच खुदकन हसणारा आवाज तिने स्वतःच्या आत्यावरून उचलला होता.

आमच्या धंद्यात एक रीत असते. खेळ संपत आला की आवाज देणाऱ्याने दिवे लागायच्या आत मागच्या दाराने निघून जायचे. पोरांना वाटले पाहिजे की बाहुलीच बोलते. म्हणून ती जायची. दिवे लागायचे, तो पुढे येऊन वाकायचा, टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. बाहेरच्या फलकावर एकच नाव, त्याचे. सगळे धरूनच चालले की हात त्याचा तसा आवाजही त्याचाच. तोही कधी ‘नाही’ म्हणाला नाही.

एके दिवशी तिने एक वाक्य मनाचेच घातले. राजा ऐटीत आला तेव्हा मी म्हणाले, “मुकुट काढ आधी. खाली डोकं आहे का ते बघू दे.” पोरे इतकी हसली की पुढचा प्रवेश थांबवावा लागला. बाहेर पडणारा प्रत्येक जण त्याला तेच वाक्य म्हणून दाखवत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या लाकूडकामाच्या कारखान्यात मी खुंटीवर टांगलेली होते. तो म्हणाला, “कोणाला विचारून वाक्य घातलंस?”

“पोरं हसली ना?”

“माझ्या बाहुलीला हसली ती.”

“मग उद्या तुम्हीच बोला की. मी बसते पोरांत, हसायला.”

त्याच्या हातात लाकडी हातोडा होता. पुढचे मी तुम्हाला सविस्तर सांगणार नाही. तिचा जबडा मोडला आणि उजवे मनगटही. याआधीही त्याचा हात उठत असे, पण मागच्या दाराने जाणाऱ्या बाईच्या गालावरचे वळ कोणाला दिसणार? मी सगळे पाहिले. ओरडावेसे वाटले, पण माझी दोरी खुंटीला गुंडाळलेली.

आमचा ढोलवाला त्याचा मावसभाऊ. त्याने तिला दवाखान्यात नेले आणि कोर्टात उभे राहून रक्ताच्या नात्याविरुद्ध खरी साक्ष दिली. कारागिराला पाच वर्षांची सजा झाली.

मग लोकांनी बहिष्कार घातला. फलक उतरले, शाळांनी खेळ रद्द केले, मी पत्र्याच्या पेटीत गेले. मी पहिल्यापासून अभिमानी, माझा नुसता संताप झाला. वर्षभर कुढत होते, “हात उगारला त्याने, कोंडले मला! माझा काय गुन्हा? कला वेगळी, माणूस वेगळा, एवढेही कळत नाही का यांना?” शालीला कसर लागली, नाकाचा रंग उडाला. पेटीत दुसरे काम नसते, म्हणून विचार करू लागले. मग हळूहळू उमगले की मी बाहेर आले, नाचले, तर टाळ्या पुन्हा त्याच खिशात जातील. तेव्हा जरा गप्प झाले.

चौथ्या वर्षी एका सकाळी पेटी उघडली. ती होती. जबडा जरा वाकडा जुळला होता आणि ती शब्द सावकाश, एकेक उचलून ठेवल्यासारखी बोलत होती.

ढोलवाला म्हणाला, “वहिनी, दोऱ्या कोण ओढणार?”

“मी.”

“मनगट साथ देईल?”

“नाही दिली तर डावं आहे. तुम्ही ढोल वाजवा भाऊजी, चौकशा नका करू.”

सहा महिने ती मला शिकत होती. पहिल्यांदा मी चालले ते दारू प्यायल्यासारखी. ढोलवाला हसून गडबडा लोळला. मग ती मला घेऊन एका शाळेत गेली. मुख्याध्यापिका भल्या बाई, पण ठाम. “रागावू नका, पण ही बाहुली त्या माणसाची आहे. आम्ही त्याचं काही दाखवत नाही, अशी शाळेनं शपथ घेतलीय.”

“बरोबर केलंत,” ती म्हणाली.

“मग?”

“मग काही नाही.” तिने मला टेबलावर उभे केले, दोरी धरली आणि त्या किनऱ्या आवाजात मी म्हणाले, “काय गं बाई, चष्मा कपाळावर, आणि शोधतेस टेबलावर?”

मुख्याध्यापिकेचा हात कपाळाकडे गेला आणि तिथेच राहिला. “हा... हा आवाज तुमचा? पहिल्यापासून?” त्या खुर्चीत बसल्या. “म्हणजे त्याला शिक्षा करायला निघालो आणि तुम्हालाच गप्प बसवलं आम्ही.”

“त्याला टाळ्या नाहीत हे चांगलंच झालं. फक्त मी मोजणीतच नव्हते.”

त्या शाळेत खेळ झाला. दिवे लागले तेव्हा ती तिथेच उभी होती, आणि पोरे तिच्याभोवती गोळा झाली.

सगळे मार्गी लागत होते, तोच तो सुटून आला. त्याच्याबरोबर मोठ्या नाट्यगृहाचा व्यवस्थापक. व्यवस्थापकाने आमच्या दारातूनच सुरू केले, “सजा भोगून झाली त्यांची. आता किती दिवस छळायचं माणसाला? लोक वाट बघतायत.”

कारागीर तिच्या चेहऱ्याकडे न बघता म्हणाला, “म्हातारी न्यायला आलोय. कोरली मी.”

माझ्या दोऱ्या तिच्याच हातात होत्या. मी गेले तर तिचा खेळ संपला. मी राहिले तर तो रोज या दारात उभा राहणार.

“न्या,” ती म्हणाली.

“अहो वहिनी!” ढोलवाला ओरडला.

“लाकूड त्यांचं आहे. माझं तोंड माझ्यापाशी आहे.” मग व्यवस्थापकाला म्हणाली, “त्यांना जगू द्या, काम करू द्या, खुर्च्या करू द्या, कपाटं करू द्या. माझी ना नाही. पण टाळ्या काही पोटाला लागत नाहीत. त्या नाही मिळाल्या म्हणून कोणी उपाशी मरत नाही.”

आठ दिवसांनी नाट्यगृहात दुपारचा खेळ लागला. अर्ध्या खुर्च्या भरल्या होत्या. आलेल्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. पेटीत वर्षभर मी तेच म्हणत होते ना? पडदा वर गेला. हात तसाच कसबी, मान तशीच वेळावली. मी जबडा उघडला आणि त्यातून त्याचा आवाज आला. वाक्ये तिचीच, पाठ केलेली.

पुढच्या रांगेतून एक मुलगी म्हणाली, “आई, आजीला सर्दी झालीय.”

कोणीतरी हसले. मग एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, “अगं, तो आवाज बायकोचा होता म्हणे. जिचा जबडा मोडला, तिचाच.” ती कुजबुज रांगारांगांतून मागे गेली. आरडाओरडा नाही, घोषणा नाहीत. लोक मुलांचे हात धरून एकेक करून उठले. काही बसून राहिले, पण टाळी एकानेही वाजवली नाही. त्याने खेळ शेवटपर्यंत केला. मग फळीवरून उतरून तो जमिनीवर बसला आणि माझ्या जबड्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला.

त्याच वेळी शाळेत काय चालले होते ठाऊक आहे? तिने एका पळीला फडके बांधून म्हातारी केली होती आणि पोरे पोट धरून हसत होती. पळी! माझी बरोबरी पळीशी! पण मित्रांनो, हे ऐकले तेव्हा मी आतून सुखावले.

दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या फाटकापर्यंत आला. मला ढोलवाल्याच्या हातात देऊन म्हणाला, “तिला दे. मी आत येत नाही.” आणि वळून गेला. सध्या एका सुताराकडे दारे-खिडक्या करतो, असे ऐकते. चांगली करत असणार.

ढोलवाल्याने तिला विचारले, “माफ केलंत का वहिनी?”

“ते माझं मी बघेन, माझ्या सवडीनं. तुम्ही हिची शाल आधी धुऊन आणा, वास मारतेय.”

तर मित्रांनो, मोठी माणसे तुमच्यासमोर वाद घालतील, असल्या कलावंताचे बघावे की न बघावे. मी शाळेत गेलेली नाही, पण मला विचाराल तर सांगते. ज्याने कोणाचे हाड मोडले, त्याच्यासाठी टाळी वाजवायची घाई करू नका. आणि त्याच्याकडे पाठ फिरवताना ज्याचे हाड मोडले त्याच्याकडेही फिरवू नका. तेही माणूस असते, त्यालाही काहीतरी येत असते.

आता फलकावर तिचे नाव आहे, ढोलवाल्याचे आहे, आणि मला कोरणाऱ्याचेही एका बारीक ओळीत आहे. ती ओळ तिनेच लिहायला लावली. गारठ्यात तिचा जबडा अजून दुखतो, म्हणून माझे बोलणे पूर्वीसारखे तडातड येत नाही. दोन शब्दांमध्ये जरा थांबावे लागते. तेवढा वेळ चुळबुळ न करता बसा. पुढचा शब्द येतो आहे.