तीस सेंटिमीटरच्या वर

शार्दूलनं ड्रिल उलटं फिरवलं आणि फळीतला स्क्रू कुरकुरत वर आला. फळी उचलून त्यानं कुंपणाला टेकवली. पलीकडं आपल्या बागेत वीणा कपडे वाळत घालत होती; म्हणजे एकच टॉवेल पुन्हा पुन्हा झटकत होती.

"मावशी, चहाला या ना," शार्दूलच्या बायकोनं, अक्षयानं, दारातून हाक मारली.

नाही म्हणायला वीणाला कधी जमलं होतं? वॉटफर्डमध्ये उभं आयुष्य गेलं, ब्रिटिश पासपोर्ट झाला, पण भीड काही सुटली नाही. वसंतात शार्दूल मुद्दाम विचारायला आला होता. नागपूरहून वडील आलेत, त्यांना मागच्या पायऱ्या उतरवत नाहीत; दाराच्या पातळीला फळ्यांचा ओटा, म्हणजे डेक, केला तर वॉकर थेट बाहेर नेता येईल, मावशींना चालेल ना? "अरे, विचारतोस काय!" असं म्हणून ती मोकळी झाली. डेक झाला त्या दिवशी तर वाटीभर शिराही देऊन आली.

मग शार्दूलचे वडील, ज्ञानेश्वरकाका, त्या डेकवर खुर्ची टाकून बसायला लागले. कुंपणावरून त्यांना वीणाची अख्खी बाग दिसायची, स्वयंपाकघरही दिसायचं. "काय ताई, आज भरली वांगी का?" माणूस मोठा गोड, त्यामुळे तर तोंड आणखीच बंद. सकाळचा चहा गाऊनवर उन्हात बसून पिणं हे वीणाचं एकमेव ऐषआरामाचं सुख, तेही गेलं. कुंपणाशी जाऊन दोन शब्द बोलायचं सोडून तिनं कौन्सिलच्या वेबसाइटवर तक्रार केली. नाव कुणाला कळणार नव्हतं. फार तर आडोसा लावायला सांगतील, असा तिचा हिशेब होता.

चहाला ती शार्दूलच्या घरात आली तेव्हा काका काचेच्या दारामागं बसले होते. दाराबाहेर आता डेकचा नुसता सांगाडा उरला होता.

"जमिनीपासून तीस सेंटिमीटरच्या वर गेलं की परवानगी लागते म्हणे," अक्षया कप पुढं करत म्हणाली. "आपल्या बागेला उतार, त्यामुळे दाराशी दुप्पट उंची भरली. ग्रुपवर सगळे म्हणाले होते, डेकिंगला काही लागत नाही."

"पण आता मागून अर्ज करता येतो ना? आडोसा लावून?"

"कौन्सिलचा ऑफिसर बघायला आला होता, तोही तेच म्हणाला. चांगला होता बिचारा. पण शार्दूल ऐकेना. आमचं आयएलआर, कायम राहायच्या परवानगीचं, चालू आहे, मावशी. म्हणाला, सरकारी फाइलीत आपलं नाव कशातच नको. काढूनच टाकतो."

 व्हिसावर असताना वीणाही अशीच जगली होती. साधं लायब्ररीचं पुस्तक उशिरा परत केलं तरी व्हिसा जातो की काय, असं तिला वाटायचं. ती भीती आपण इतकी साफ कशी विसरलो, याची तिला लाज वाटली.

"तक्रार मार्गारेटनंच केली असणार," अक्षयानं दुसऱ्या बाजूच्या कुंपणाकडं मान उडवली. "तोंडावर डार्लिंग डार्लिंग, आणि मागून हे! मी तर तिच्याकडं बघतसुद्धा नाही आता. नशीब, या बाजूला तुम्ही आहात."

बाहेरून शार्दूलनं हाक मारली, एक टोक धरायला. अक्षया चपला सरकवून गेली.

काकांनी काचेतून त्या दुसऱ्या कुंपणाकडं बोट केलं.

"ताई, मार्गारेटबाईंच्या बाजूला केवढी उंच झाडं आहेत. त्यांना आमचा डेक दिसतच नव्हता."

वीणानं कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला.

"चुकलं माझंच. मी खुर्ची फिरवून बसायला पाहिजे होतं," काका म्हणाले. "दिवसभर घरात कुणी नसतं. तुम्ही दिसलात की वाटायचं, चला, बोलायला कुणीतरी आहे. तुम्हाला जाच होत असेल, हे डोक्यातच आलं नाही."

"काका, मी—"

"पोरांना मी काही बोललो नाही. बोलणारही नाही." त्यांनी वॉकरच्या दांड्यावरचा हात तिला थांबवायला वर केला. "सुनेला या गावात हक्कानं जावं असं एकच घर आहे. तेवढं तिला राहू द्या."

अक्षया हात झटकत आत आली.

"मावशी, रात्री इथंच जेवा ना! बाबांनाही तेवढंच बरं वाटेल."

वीणानं काकांकडं बघितलं. ते काचेतून बाहेर बघत होते. शार्दूलनं शेवटचा खांब हलवून मोकळा केला होता.

"येते," ती म्हणाली.