रिळातले शेवटचे दोन

पवनीच्या बाजारात कापडाच्या दुकानांची रांग संपते तिथे 'कुंता फोटो स्टुडिओ' होता, आणि त्या स्टुडिओत कुंताबाईला फोटो काढायची बंदी होती. लग्नाच्या साली बाबूलालने दुकान थाटलं, हौसेने पाटीवर बायकोचं नाव रंगवून घेतलं, आणि त्याच संध्याकाळी तिला सांगून टाकलं की नाव तुझं, कॅमेरा माझा.

अंधाऱ्या खोलीतलं काम मात्र सगळं तिच्याच गळ्यात. रीळ धुवायचं, फोटो छापायचे, दोरीवर वाळत घालायचे. दहा वर्षांत पवनीतलं कोणतं तोंड डावीकडून बरं दिसतं आणि कोणतं कुठूनच बरं दिसत नाही, हे तिला पाठ झालं होतं. नवऱ्याचं काम चोख होतं, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. फक्त त्याच्या फोटोत माणसं अशी बसायची, जणू घरी तार आली आहे आणि ती अजून कोणी वाचलेली नाही. "हासू नका, हालू नका, श्वास धरा," हा बाबूलालचा मंत्र. फोटो पन्नास वर्षं भिंतीवर टांगला जाणार, मग पन्नास वर्षं माणसाने दात काय काढायचे, असं त्याचं म्हणणं.

एका रिळात बारा फोटो निघायचे. गिऱ्हाइकं दहावर येऊन थांबायची, वर फोटोची घाई करायची, म्हणून उरलेले दोन बाबूलाल समोरच्या भिंतीवर उडवून रीळ संपवायचा. पाखडताना सुपाबाहेर दाणा पडला तरी कुंताबाईचा जीव खालीवर व्हायचा, आणि इथे तर अख्खे दोन फोटो मातीत जात होते. एक दिवस ती म्हणाली, "अजी, हे दोन मले द्या ना."

"काय करशील?"

"काढीन काहीबी."

बाबूलालने विचार केला. भिंतीचे फोटो तसेही वायाच जात होते. "काढ. पण माणसाचा काढायचा नाही. माणसाचा फोटो बिघडला तं दुकानाचं नाव जाते."

"नाव तं माझंच आहे."

"म्हणूनच सांगून राहिलो."

झालं. माणसं नाहीत तर नाहीत. कुंताबाई कॅमेरा घेऊन घरात शिरली आणि पहिला फोटो काढला चुलीवरच्या गंजाचा, म्हणजे भाताच्या पातेल्याचा. भात उतू जात होता, झाकण एका बाजूला चढलं होतं. फोटो छापून पाहते, तर तिरपी टोपी घालून, कुणाची पर्वा न करता बाजाराला निघालेला एखादा गडी. मग तिने धानाची ढोली काढली. बांबूची कणगीच ती, शेणाने लिंपलेली, पोट सुटलेली, वर कुणीतरी टाकलेला टॉवेल. हा तर पाच जिलब्या जास्त खाऊन भिंतीला टेकलेला व्याहीच. मग देवळाबाहेरच्या चपला. गल्लीतल्या बायांनी त्यातली एकेक चप्पल ओळखली, आणि दोघी जावांच्या चपला देवाच्या दारातही एकमेकींकडे पाठ करून बसल्या आहेत हे पाहून शेजारची धुरपता हसत हसत उंबऱ्यावर बसली ती उठेना.

आता गंजात हसण्यासारखं काय असतं, असं कुणी विचारलं असतं तर कुंताबाईला सांगता आलं नसतं. गंज रोजचाच. पण कागदावर आला की तोच गंज पाहुण्यासारखा वाटतो, आणि पाहुण्याकडे माणूस जरा निरखून पाहतो. एवढं मात्र तिला पक्कं कळलं होतं, की आपल्याला दिसतं ते नवऱ्याला दिसत नाही. आणि गंजाला जमतं ते माणसालाही जमेल, फक्त त्याला श्वास धरायला सांगायचं नाही. माणसाचा एक तरी फोटो आपण काढायचा, हे तिने मनात धरून ठेवलं होतं. विचारलं दोनदा. दोन्ही वेळा तेच उत्तर.

बाबूलालने तिचे फोटो धड कधी पाहिलेच नाहीत. भांड्याकुंड्यांत काय पाहायचं? ती ते बिस्किटांच्या एका डब्यात ठेवायची. तसाच दुसरा डबा बाबूलालचा, त्यात गिऱ्हाइकाला दाखवायचे नमुने: मामलेदार, हेडमास्तर, दोन सावकार आणि एक कीर्तनकार, सगळे श्वास धरलेले.

अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीत पवनीत डोळ्यांची साथ आली आणि बाबूलालचेही डोळे आले. लालभडक, सुजलेले, सकाळी पापणी पापणीला चिकटलेली. नेमकी चार दिवसांवर आसगावची मंडई, म्हणजे तिथली जत्रा. दिवाळीनंतरच्या मंडईला घराघरांत पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, आणि वर्षात एकदा फोटो काढायचा तो तिथेच. कुंताबाई म्हणाली, या वर्षी राहू द्या, नाही तर मी काढते. पहिलं बाबूलालला पटलं नाही आणि दुसरं त्याने ऐकलंच नाही असं दाखवलं. काळा चष्मा चढवला, रंगवलेला पडदा, खुर्ची आणि कॅमेरा एस.टी.वर टाकला, डबा काखेत मारला, आणि निघाला. कुंताबाई मागून. चेहरे अंधुक निघाले तर आसगावात लोक बाबूलालला नाही, कुंता फोटो स्टुडिओला हसणार होते.

मंडईत खोपट उभं राहिलं, पडदा लागला. तळं, त्यात दोन हंस, मागे गोऱ्या साहेबाच्या बंगल्याला असावा तसा जिना. पुढे खुर्ची, खुर्चीसमोर तिकाटण्यावर कॅमेरा. कुंताबाई पाण्याचा पितळी गुंड घेऊन विहिरीवर गेली. तेवढ्यात बाबूलालने डब्यातले नमुने काढून एकेक चिमट्याने दोरीला लावले.

ती परत आली तर खोपटापुढे ही गर्दी. बाबूलाल छाती काढून उभा. "पाहून घ्या बाप्पा. पवनीचे मोठेमोठे लोक आपल्याकडंच फोटो काढते. हे मामलेदारसाहेब." त्याने बोट दाखवलं ते ढोलीवर. "किती शांत बसले आहेत पाहा. असं बसता आलं पाहिजे." गर्दीतून एक हुंकार आला आणि कुणीतरी तोंडात उपरणं कोंबलं. "आणि हे हेडमास्तर. हालले नाही, हासले नाही." हेडमास्तर म्हणजे गंज.

कुंताबाई भरलेला गुंड घेऊन दोरीजवळ गेली. डबा बदलला होता. सकाळी चिकटलेल्या डोळ्यांनी नवऱ्याने तिचा डबा उचलला होता, आणि आता दोन हातांवरून त्याला मामलेदार आणि ढोलीतला फरक दिसत नव्हता. तिला हसू आलं आणि त्याची कीवही आली. दोन्ही एकदमच.

ती त्याच्या कानाशी गेली. "अजी, त्या कडेच्या फोटोत कोण आहे सांगा बरं."

बाबूलालने मान पुढे काढली. "कीर्तनकार बुवा."

"ते झाडू आहे."

तो दोरीकडे वळला, चष्मा वर केला, डोळे बारीक केले, परत चष्मा लावला. त्याचे कान लाल झाले. कुंताबाई हळूच म्हणाली, "आज मले काढू द्या. तुमाले दिसून नाही राहिलं. माणसाईचे चेहरे आहेत जी, उद्या लोक काय म्हणतीन?"

"दिसते मले," तो म्हणाला. "आणि कॅमेऱ्याले हात लावायचा नाही."

एवढ्यात गर्दीतून पुंडलिकराव आले. आसगावातले धानाचे चांगले शेतकरी, आणि त्यांच्या मागे त्यांच्या घरच्या रंभाबाई. या जोडीला कुंताबाई अंधाऱ्या खोलीतून ओळखत होती. पुंडलिकराव दर मंडईला बायकोचा फोटो काढायला यायचे आणि दर मंडईला बाई निसटायच्या. रंभाबाईचे समोरचे दोन दात पडले होते, त्यामुळे चारचौघांत पदर तोंडावरून हलायचा नाही. परवाच्या साली रीळ धुतलं तेव्हा रिकामी खुर्ची निघाली होती. गेल्या साली खुर्चीत बाई होत्या, पण पदराआड.

"औंदा तरी बस," पुंडलिकराव म्हणत होते. "एक फोटो नाही घरात तुझा."

"कायले पाह्यजे फोटो? मी आहो ना घरात," रंभाबाई पदरातून म्हणाल्या, आणि निघायच्या बेतात दोरीकडे पाहू लागल्या. ढोली पाहिली, गंज पाहिला. पदर जरा हलला. मग त्यांची नजर शेवटच्या फोटोवर गेली.

तो बाबूलालच्या बनियनचा होता. दोरीवर वाळत घातलेलं, वारा भरून टम्म फुगलेलं, दोन्ही आखूड बाह्या कमरेवर हात ठेवल्यासारख्या वाकलेल्या. छाती पुढे, पोट आत, मुंडकं नाहीच. आणि त्याच्याच बाजूला, तस्साच, कमरेवर हात ठेवून, छाती काढून बाबूलाल उभा होता. "हालू नका, हासू नका," तो लोकांना बजावत होता.

रंभाबाईंनी बनियन पाहिलं. बाबूलाल पाहिला. परत बनियन पाहिलं.

आधी नुसते खांदे हलले. मग असं हसू फुटलं की पदर खांद्यावर घसरला, आणि आधाराला हात मागे गेला तो खुर्चीच्या पाठीवर. त्या धपकन बसल्या. तोंड सताड उघडं, दोन दातांचं खिंडार दिसतं आहे, डोळ्यांत पाणी, मागे रंगवलेले हंस. "अवं माय," एवढंच त्यांना बोलता येत होतं.

कुंताबाईने गुंड खाली ठेवला. कॅमेरा समोरच होता. तिने वरून काचेत पाहिलं, चाक फिरवलं, आणि डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या एकेक मोजता येतील इतका तो चेहरा साफ झाला. तिला भीती वाटली नाही असं नाही. पण इतके दिवस जे मनात धरलं होतं ते आता समोर खुर्चीत बसलं होतं, आणि ते पुढच्या साली परत येईल असा भरवसा नव्हता. तिने दाबलं.

खट्.

तो आवाज बाबूलाल झोपेतही ओळखला असता. तो गर्रकन वळला. "कोणं दाबलं?"

"मी," कुंताबाई म्हणाली. सगळ्या गावासमोर, डोक्यावरचा पदर सारखा करत, आवाज न चढवता. "माणसाचाच काढला. आणि चांगला काढला."

बाबूलालचं तोंड उघडलं. पण तो बोलायच्या आत पुंडलिकराव पुढे आले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग कुंताबाईला विचारलं, "हासताना आला काय?"

"हासतानाच आला."

"मंग आता आमचा दोघाईचा काढा, बाई," असं म्हणून ते खुर्चीशेजारी उभे राहिले.

त्यांच्यामागे रांग लागली. बाबूलाल थोडा वेळ कॅमेऱ्याजवळ उभा राहिला, मग दोरीजवळ जाऊन उभा राहिला, आणि शेवटी पडद्याचं एक टोक वाऱ्याने उडत होतं ते धरून बसला. अधूनमधून सवयीने "हालू नका" म्हणायचा. कोणी ऐकत नव्हतं. संध्याकाळपर्यंत कुंताबाईने तीन रिळं संपवली. एकही फोटो भिंतीवर गेला नाही.

परतीच्या एस.टी.त तो पडद्याची गुंडाळी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर पाहत बसला. रिळं तिने धुतली, फोटो तिने छापले. सहाव्या दिवशी त्याच्या डोळ्यांची सूज उतरली, आणि तो उठून सरळ दोरीपाशी गेला. रंभाबाईंचा फोटो काढून उजेडात नेला. जवळून पाहिला, लांबून पाहिला. चूक शोधतो आहे हे कुंताबाईला कळत होतं. शोधू दे, ती मनात म्हणाली.

"पदर घसरला आहे," तो म्हणाला.

"हो."

"दात नाहीत दोन."

"नाहीत."

तेवढ्यात ठरल्याप्रमाणे पुंडलिकराव फोटो न्यायला आले. बाबूलालने तो त्यांच्या हातात दिला, आणि जरा ओशाळून म्हणाला, "पाहा तुमी. नाही आवडला तं दुसरा काढून देऊ."

पुंडलिकराव पाहत राहिले. उपरण्याने फोटोची कड पुसली, जिथे काहीच लागलेलं नव्हतं. "अशीच आहे ते," ते म्हणाले. "घरी अशीच राह्यते, कोणी नसलं तवा. मले वाटलं होतं, हे मलेच मालूम आहे." फोटो त्यांनी धोतराच्या घडीत नाही ठेवला, छातीशी धरून नेला.

बाबूलाल दारात उभा राहून ते वळणाआड जाईपर्यंत पाहत होता. दुपारी एक नवं जोडपं आलं, आसगावहून, मंडईतलं ऐकून. बाबूलाल सवयीने कॅमेऱ्यामागे गेला, काचेत डोकावला. आता त्याला सगळं लख्ख दिसत होतं. नवरा-नवरी लाकडासारखी बसली होती. तो क्षणभर थांबला, मग बाजूला झाला.

"कुंता," तो म्हणाला, "तू पाह्य."

ती आली. संध्याकाळपर्यंत त्या रिळावर दहा फोटो निघाले, आणि दहाही तिने काढले. दुकानात कोणी उरलं नाही, तेव्हा तिने कॅमेरा तिकाटण्यावरून उतरवून नवऱ्याच्या हातात दिला.

"दोन उरले. हे तुमचे. काढा काय काढायचं ते. फक्त माणसाचा नको."

बाबूलालने तिच्याकडे पाहिलं. ती चेष्टा करत होती आणि करतही नव्हती. तो कॅमेरा घेऊन आत गेला आणि बराच वेळ आला नाही. कुंताबाई गल्ला आवरून, दिवा लावून बसली. मग स्वयंपाकघरातून त्याचा आवाज आला, हळू, अगदी अजिजीने. चुलीवर भात ठेवलेला होता, आणि तो गंजाला म्हणत होता, हालू नको.