ओलं शेपूट

बसा इथं, बाकाच्या या टोकाला. तिकडं ऊन लागतंय. खिशाला पेन दिसला म्हणून हाक मारली तुम्हाला. आमच्या एर्सिलियाची गोष्ट सांगतो, आणि झाली की एक काम सांगणार आहे. काम पेनाचं आहे, माझ्या हातानं होण्यातलं नाही. मी वेनांझो. चाळीस वर्षं खेचर हाकलं, त्याआधी चार वर्षं बेल्जियमला कोळशाच्या खाणीत होतो. शाळेत दोन हिवाळे गेलो, तेही तिथं शेगडी पेटलेली असायची म्हणून.

एर्सिलिया लोकांचे कपडे धुवायची. नवरा अल्बानियाच्या लढाईत गेला, मूलबाळ नाही. आठ-दहा घरांचं धुणं तिच्याकडं आणि त्या गाठोड्यांची ने-आण माझ्या खेचरावर. गावाचं धुण्याचं टाकं तेव्हा उघडंबोडकं होतं, खाली झऱ्यापाशी. जानेवारीत बायका दांडक्यानं बर्फ फोडायच्या, गुडघ्याखाली पोतं घालायच्या आणि धुवायला बसायच्या. गावचा कारभार नोटरीसाहेबांच्या हाती. त्यांच्या सदऱ्याच्या सुट्या कॉलर पोचवायला गेली की एर्सिलिया दर हिवाळ्यात सांगायची, साहेब, टाक्यावर छप्पर हवं. साहेब म्हणायचे, बघू. चौदा हिवाळे बघत होते.

सेहेचाळीस साली बायकांना मत मिळालं. मार्चात गावच्या निवडणुका. एक दिवस शाळेचे मास्तर तुल्लियो टाक्यावर उतरले. मी गाठोडी सोडत होतो. मास्तर टोपी काढून म्हणाले, "एर्सिलिया, आमच्या यादीत तुला कांदिदाता करायची आहे."

आता आमच्याकडं दुधासारखा स्वच्छ धुतलेला कपडा असला की त्याला कांदिदो म्हणतात, चादर असली तर कांदिदा. बाईनं मानही वर केली नाही.

"गुरुवारपर्यंत जमायचं नाही," ती म्हणाली. "काय आहे, चादर की टेबलाचं कापड? आणि डाग कशाचा ते आधी सांगा. वाइनचा असला तर माझ्या नावानं बोंबलू नका."

सगळं टाकं हसलं. मास्तर बिचारे लाल झाले. मग दगडावर बूड टेकून समजावायला लागले. म्हणे जुन्या काळी रोममधे ज्याला मतं मागायची असत तो पांढरा झगा घालून चौकात फिरायचा. झगा अजून पांढरा दिसावा म्हणून त्यावर खडू चोळायचा. लांबून लोकांना कळायचं, हा मतं मागतोय. म्हणून उमेदवाराचं नाव पडलं कांदिदातो, पांढरा केलेला. बाई असली तर कांदिदाता.

एर्सिलियानं हातातलं पिळलं, बाजूला ठेवलं. "म्हणजे धुवायचे नाहीत?"

"नाही, खडू..."

"मळक्यावर वरनं खडू." ती आमच्याकडं वळली. "ऐकलंत गं? पहिल्यापासनं असेच आहेत हे."

त्या दिवशी ती हो म्हणाली नाही. संध्याकाळी मी गाठोडी घेऊन निघालो तर ती गावच्या दुकानापर्यंत बरोबर आली. वाटेत म्हणाली, नोटरीसाहेबही उभे आहेत, वेनांझो, त्यांच्या विरुद्ध उभी राहिले तर त्यांचं धुणं जाईल, त्यांच्या मेहुण्याचंही जाईल, मग तुझ्या खेचरावर काय घालू? मी म्हणालो, लाकडं घालेन. मग दुकानापाशी आल्यावर तिनं विचारलं, छपराला पत्रा बरा की कौल? तेव्हा मी ओळखलं.

दुकानात वाइन प्यायला जमणाऱ्यांत तर आठवडाभर तोच विषय. सेत्तिमियो जर्मनांच्या छावणीतून सुटून आला होता. तो म्हणाला, तिथंही हाच शब्द, पण कांदिदाट म्हणतात, शेवटी लाथ मारल्यासारखा ट. क्विंतो रशियाच्या कैदेतून पायाची तीन बोटं तिथंच ठेवून आलेला. तो म्हणाला, रशियनसुद्धा हेच म्हणतात, भिंतीवर एका मिशीवाल्याचा फोटो होता आणि पहारेकरी त्याला कांदिदात म्हणायचा. मला बेल्जियमची आठवण आली. तिथं शेवटचा त गिळतात. मोठा ढेरपोट्या माणूस असला तरी म्हणायचे कांदिदा.

"म्हणजे आपले नोटरीसाहेब तिथं चादर," सेत्तिमियो म्हणाला, आणि दुकानदाराच्या नाकातून वाइन आली.

न्हाव्याचं म्हणणं पडलं की सगळ्यांनी आपल्याकडनं चोरला शब्द. मास्तर म्हणाले, चोरला कसला, आपणच वाटला. पाद्री, वकील, शिकायला फिरणारी पोरं, सगळे लॅटिन लिहायचे आणि कागदांबरोबर शब्द घेऊन जायचे. ज्याच्या त्याच्या तोंडाप्रमाणे त्याचं शेपूट तुटलं, एवढंच.

एर्सिलिया दारात उभी होती, तेल घ्यायला आलेली. तिनं विचारलं, "इतका हिंडला शब्द. कुठं एखाद्या बाईला लागलेला बघितलात का तुम्ही?"

सेत्तिमियोनं क्विंतोकडं बघितलं, क्विंतोनं माझ्याकडं. मी खूप आठवलं. खाणीच्या दारावर कागद लागायचे, त्यावर सगळे मिशीवालेच. नाही म्हणालो. ती तेल घेऊन गेली.

मग यादीचे कागद छापून आले, शहरातनं. मास्तर टाक्यावर घेऊन आले दाखवायला आणि वाचता वाचता थांबले. छापखान्यानं सगळ्यांच्या नावापुढं एकच घातलं होतं, कांदिदातो. तिच्याही. मास्तर म्हणाले, छापखान्याकडं बाईसाठीचा शब्द जुळवलेलाच नसणार, आता वेळ नाही, राहू दे, लोकांना कळतं.

तिला वाचता येत नव्हतं. म्हणाली, कुठलं चुकलंय ते बोटानं दाखवा. मास्तरांनी शेवटचा गोल दाखवला, आमच्या लिपीतला ओ. आणि पाहिजे कसा? मास्तरांनी ओल्या दगडावर काढून दाखवला. तोच गोल, पण उजव्या अंगाला खाली एक शेपूट. झाला आ.

तिनं निळेची वाटी जवळ ओढली. बोट बुडवलं आणि पहिल्या कागदावर शेपूट काढलं. चाळीस कागद होते. टाक्यावरच्या बायकांनी हात पुसले आणि कागद धरायला बसल्या. दुसऱ्या दिवशी ते गावभर लागले, आणि नोटरीसाहेबांच्या माणसानं सांगितलं की कॉलर यापुढं दुसरीकडं जातील. मेहुण्याचंही धुणं गेलं. मी लाकडं घातली खेचरावर, बोललो होतो तसं.

मतांच्या आदल्या रविवारी चौकात प्रत्येकाला बोलायचं होतं. नोटरीसाहेब अर्धा तास बोलले, त्यात छप्पर नव्हतं. एर्सिलिया पाण्यानं फुगलेले लाल हात घेऊन उभी राहिली. म्हणाली, मला टाक्यावर छप्पर पाहिजे. मी खडू लावलेला नाही, पाऊस आला तरी हीच दिसेन. एवढं बोलून खाली उतरली.

अकरा मतांनी पडली.

मी घरी गेलो तिच्या. ती इस्त्रीत कोळसे भरत होती. मी म्हणालो, अकराच. ती म्हणाली, अकरा कमी पडली, पण दोनशे तीन माणसं माझ्या नावाला लागली, वेनांझो, नवऱ्याला तरी एवढी कधी मिळाली असती का? मग म्हणाली, बस, सूप आहे.

पुढच्या वर्षी टाक्यावर छप्पर झालं. कौलाचं. दोनशे तीन मतं निवडून आलेल्या नोटरीसाहेबांनाही मोजता येत होती. छपराखाली दगडी पाटी बसली, तिच्यावर नाव त्यांचंच. वर्षभरात कॉलरही परत आल्या, कारण शहरातली बाई खळ जास्त घालायची आणि साहेबांची मान सोलली. एर्सिलियानं घेतल्या. मी रागावलो. ती म्हणाली, मान त्यांची असली तरी मळ माझा, माझ्या हाताखालचा आहे. अजून अठ्ठावीस वर्षं ती त्या पाटीखाली धुवायला बसली. मी गाठोडी आणायचो, सोडायचो, ती विचारायची, जेवलास का. कधी जेवलो असलो तरी नाही म्हणायचो.

या फेब्रुवारीत गेली ती. छातीत कफ. मास्तर तर तिच्याही आधी गेले.

आता तिच्या थडग्यावर दगड बसवायचा आहे. तिचा पुतण्या म्हणाला, नाव आणि सालं पुरे. पाथरवट म्हणाला, नावाखाली एक ओळ मावते, काय घालू? पुतण्या म्हणाला, कपडे धुणारी. मी म्हणालो, कांदिदाता. पालिकेतला कारकून तिथंच होता, तो हसला. म्हणे, आजोबा, ती पडली होती, पडलेल्याचं दगडावर लिहीत नाहीत. मी त्याला विचारलं, बाळा, शब्दाचा अर्थ काय, जिंकलेला की पांढरा केलेला? पुतण्या म्हणाला, जाऊ दे, लिहा काका म्हणतायत ते.

पाथरवट भला माणूस, पण म्हणतो, कागदावर लिहून आणा, मी बघून कोरतो, तोंडी सांगितलेलं कोरत नाही. आणि मला माझ्या नावापलीकडं येत नाही. पुतण्याकडनं लिहून घेतलं होतं परवा, हे बघा. मला वाचता येत नसलं तरी शेवटचं अक्षर मी ओळखतो. त्यानं गोल काढून सोडून दिलाय.

म्हणून हा कोरा कागद घ्या. सावकाश लिहा, मोठं लिहा, मी थांबतो. आणि शेवटच्या गोलाला शेपूट काढा तेवढं.